कानामागून आले, कानात शिरले

श्रवणयंत्र नवे घ्यावयाचे झाले म्हणजे आता पूर्वीसारखे ‘लहान की मोठे’ एवढ्यावर भागत नाही. यंत्राचा मायक्रोफोन कानामागे असावा की रिसीव्हरबरोबर कानाच्या आतच बसावा, रिसीव्हर किती शक्तीचा घ्यावा, त्याचे टोक उघडे असावे की बंद, असे प्रश्न इंदुरातील आमच्या समाजातल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीतही हल्ली निघू लागले आहेत. वरवर पाहता हे प्रश्न दुकानातले आहेत. परंतु त्यांतील प्रत्येकाच्या मागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो ठाऊक असल्यावाचून निवड डोळसपणे होत नाही, असे आमचे मत झाले आहे. या काळात यंत्राची शक्ती वाढत गेली, हे सर्वांस दिसते. तितकीच महत्त्वाची परंतु सहसा कोणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे बाहेरचा आवाज यंत्र ज्या जागेवरून उचलते ती जागा सारखी बदलत गेली, ही होय.

आरंभ गोव्याच्या राजापासून करणे प्राप्त आहे. १८१९ च्या सुमारास लंडन येथील एफ. सी. रेन याच्या पेढीने पोर्तुगालचा राजा जॉन सहावा याच्यासाठी एक सिंहासन घडविले. हा राजा त्या वेळी लिस्बन सोडून ब्राझीलमध्ये रिओ द जानेरो येथे राहत असे. फोंडा महालातील मंगेशी, शांतादुर्गा इत्यादी आपली देवस्थाने तेव्हा त्याच्याच अमलाखाली होती. राजास ऐकू कमी येई. म्हणून सिंहासनाचे दोन्ही हात पोकळ करून त्यांच्या टोकांस जबडा उघडलेली सिंहमुखे बसविली होती. अर्जदाराने पुढे येऊन गुडघे टेकावयाचे आणि सिंहाच्या तोंडात आपले म्हणणे सांगावयाचे. तो आवाज हातांतून आसनात व तेथून एका नळीने राजाच्या कानापर्यंत जात असे. (श्रवणयंत्रांच्या इंग्रजी इतिहासांत कोठे कोठे या राजाचे नाव चक्क ‘गोवा सहावा’ असे छापलेले आढळते. पोर्तुगीज ‘जुआंव’चा हा अपभ्रंश असावा. गोमंतकीय वाचकांची करमणूक होईल म्हणून त्याची नोंद करून ठेवतो.) त्याच सुमारास, म्हणजे १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर, इकडे माळव्यात होळकरांची राजधानी इंदुरास स्थिर होत होती. इंदूरच्या दरबारात असे सिंहासन कधी आले नाही. पण ज्यास ऐकू येत नाही त्याच्यापुढे बोलणाऱ्यानेच वाकावे, ही युक्ती आम्हांस आजच्या घरांतही उपयोगी वाटते.

राजाला सिंहासन मिळाले, सामान्यांच्या वाट्यास पितळेचा वा पत्र्याचा कर्णा आला, आणि तोही नसेल तेथे कानामागे धरलेला हाताचा पंजा होताच. हा पंजा फार जुना व फार शहाणा आहे. बाहेरून दिसणारा आपला कान ही केवळ चष्म्याची काडी अडकविण्याची खुंटी नव्हे. त्याच्या घड्या व खळगे समोरून आलेल्या उंच पट्टीच्या आवाजास थोडी बळकटी देतात आणि मागून आलेल्या आवाजास थोडे अडवितात. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे दोन कानांच्या तुलनेवरून कळते. परंतु तो पुढून आला की मागून, हे मुख्यतः या घड्यांच्या कारागिरीमुळे कळते. पुढे शंभर वर्षे श्रवणयंत्रे करणाऱ्यांनी या कारागिरीला वळसा घातला. त्यांना दुसरा मार्गच नव्हता.

१८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने टेलिफोन सिद्ध केला. त्याची आई जवळजवळ बहिरी होती, आणि पुढे झालेली पत्नी लहानपणीच्या तापाने पूर्ण बहिरी झालेली होती. टेलिफोनच्याच तत्त्वावर, शतक संपता संपता, मिलर रीस हचिसन या अमेरिकन तरुणाने विजेवर चालणारे श्रवणयंत्र बनविले. बादशहा सातवे एडवर्ड यांची राणी अलेक्झांड्रा हिने ते वापरले. याच हचिसनने पुढे मोटारीचा कर्कश ‘क्लॅक्सन’ भोंगाही काढला. एका हाताने लोकांस बहिरे करावयाचे व दुसऱ्या हाताने त्यांस यंत्र विकावयाचे, असा विनोद मार्क ट्वेनच्या नावावर सांगितला जातो. राजवाड्यापासून जेल रोडपर्यंत सायंकाळी ज्याने एकदा प्रवास केला आहे, त्यास तो विनोद समजावून देण्याची गरज नाही.

त्यानंतर निर्वात नळ्यांची यंत्रे आली, पण त्यांचे सेल इतके जड असत की यंत्र कानापासून दूर ठेवणे भागच होते. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि १९५२ च्या अखेरीस तो बाजारात उतरला तो रेडिओतून नव्हे, श्रवणयंत्रातून. श्रवणयंत्रे करणाऱ्यांकडून या शोधाचे स्वामित्वधन घ्यावयाचे नाही, असे बेल कंपनीने बेलच्या स्मरणार्थ ठरविले होते. कायद्याच्या व्यवसायात स्वामित्वहक्कांचे अनेक तंटे आम्ही पाहतो. हक्क असूनही तो आपण होऊन सोडून दिल्याचे असे उदाहरण क्वचितच दृष्टीस पडते.

आमच्या पिढीने बालपणी जे यंत्र पाहिले ते हेच, म्हणजे खिशातली पेटी. सदऱ्याच्या खिशात काडेपेटीहून थोडी मोठी पेटी, तीतून निघालेली तार आणि कानात घट्ट बसविलेले बटण. सरकारने १९७२ साली कानपुरास कृत्रिम अवयवांचा कारखाना काढला आणि १९८१ पासून अपंगांस साधने देण्याची योजना सुरू केली. त्यांतून अशा पेट्या अनेक वर्षे वाटल्या गेल्या. पेटी भक्कम असे, शक्ती पुष्कळ असे, सेल कोठेही मिळे आणि थरथरत्या हातांसही तिची कळ फिरविता येई. या गुणांमुळे काही जणांस आजही तीच बरी. परंतु तिचा मायक्रोफोन छातीवर होता. ती ऐके ते छातीच्या जागेवरून. सदऱ्याची सळसळ, उपरण्याचे घासणे, पदराआड गुदमरलेला आवाज, हे सर्व मोठे होऊन कानात पडे. एकाच पेटीतून दोन्ही कानांस तार दिली तरी दोन्ही कानांत एकच आवाज जाई, म्हणून हाक कोणत्या दिशेने आली ते कळत नसे. शिवाय ती तार सर्वांस दिसे, आणि पुष्कळांच्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत मोठा दोष होता.

या लज्जेस आमचे तरुण वाचक पोकळ अभिमान म्हणतील. ती तशी नाही, हे सांगण्यासाठी आम्हांस थोडे आमच्या विषयाकडे वळले पाहिजे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलार्जित मिळकतीचा वाटा ज्यांस मिळू नये त्यांची गणना आहे. तीत जन्मांधाबरोबर बहिरा व मुका हेही आहेत. त्यांस अन्नवस्त्र देण्याची जबाबदारी लगेच पुढच्या श्लोकात घातली आहे हे खरे, पण अन्नवस्त्र वेगळे आणि वाटा वेगळा. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी या नियमास आवर घालून बहिरेपण जन्मजात व असाध्य असल्याखेरीज हक्क जात नाही असे धरले. याचा परिणाम असा की भाऊबंदकीच्या दाव्यांत ‘हा जन्मापासून बहिरा आहे काय’ हा मुद्दा निघू लागला, आणि वैद्य व शेजारी साक्षीस येऊ लागले. १९२८ सालच्या कायद्याने ही अपात्रता मिताक्षरा मानणाऱ्या हिंदूंपुरती बहुतांशी दूर केली; बंगालच्या दायभाग संप्रदायास मात्र त्यातून वगळले. इंदूर होळकरांचे संस्थान असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागत नसत. अखेर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने रोग, व्यंग वा विकृती यांमुळे कोणाचाही वारसाहक्क जाणार नाही असे सरसकट ठरले. (गोव्यातील वारसाहक्काची चाल निराळी, तिचा विचार येथे करीत नाही.) म्हणजे ज्यांस आज ऐंशी वर्षे होऊन गेली त्यांचा जन्म या कलमापूर्वीचा आहे. बहिरा म्हणवून घेण्यात मिळकतीस धोका आहे, हे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले, त्या घरांतील आजोबांनी यंत्र उपरण्याखाली लपविले तर त्यांस हसू नये.

असो. पेटी छातीवरून वर चढली ती १९५० नंतरच्या दशकात. प्रथम चष्म्याच्या जाड काडीत यंत्र बसविण्यात आले, पुढे ते कानामागे अर्धचंद्रासारखे बसले. नंतर कानाच्या साच्याप्रमाणे घडविलेली, कानातच मावणारी यंत्रे आली. १९९६ च्या सुमारास आवाजाचे अंकांत रूपांतर करून त्यावर संस्कार करणारी डिजिटल यंत्रे कानापुरती लहान झाली. २००३ च्या सुमारास आणखी एक पाऊल पडले. यंत्राचे दोन तुकडे करण्यात आले. मायक्रोफोन व गणनयंत्र कानामागे, आणि रिसीव्हर मात्र बारीक तारेने कानाच्या नळीत. येथे एका शब्दाचा खुलासा अवश्य आहे. ‘रिसीव्हर’ म्हणजे आवाज घेणारा असे कोणासही वाटेल. पण या धंद्यात तो आवाज देणारा, म्हणजे कानात बोलणारा इवलासा ध्वनिक्षेपक होय. टेलिफोनचा जो भाग आपण कानास लावीत असू, त्याचे हे नाव वारसाहक्काने इकडे आले. आवाज घेणारा तो मायक्रोफोन. हा भेद लक्षात ठेवला म्हणजे दुकानातील अर्धा गोंधळ नाहीसा होतो.

हे दोन तुकड्यांचे यंत्र फार लोकप्रिय झाले, आणि ते योग्यच झाले. ते हलके असते, दिसत नाही, कान पूर्ण बुजवीत नाही आणि आपलाच आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटत नाही. पण मायक्रोफोन अजून कानामागेच होता. कानाच्या घड्या पुढे आणि मायक्रोफोन त्यांच्या पाठीमागे, म्हणजे पंज्याच्या मागच्या बाजूने ऐकण्यासारखेच ते! पूर्णपणे कानात मावणाऱ्या यंत्रांत ही अडचण नव्हती. पण ती सर्वांच्या कानात मावत नाहीत, त्यांची शक्ती बेताची असते आणि कान बुजल्याची तक्रार राहते. २०२० साली डेन्मार्कच्या रीसाउंड कंपनीने दोहोंचा मेळ घालणारे यंत्र काढले. कानामागे दोन मायक्रोफोन तसेच ठेवून तिसरा मायक्रोफोन रिसीव्हरबरोबर कानाच्या नळीच्या तोंडाशी बसविला. छातीवरून निघालेला मायक्रोफोन अशा रीतीने, कानामागून येऊन, निसर्गाने नेमून दिलेल्या जागी पोहोचला.

मग सर्वांनी हेच घ्यावे काय? आमचे उत्तर नाही असे आहे, आणि त्याची कारणे यंत्राच्या रचनेतच आहेत. बोलणारा रिसीव्हर व ऐकणारा मायक्रोफोन एकमेकांच्या इतके जवळ आले, की कानातून निसटलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो व शिट्टी वाजते. सभामंडपातला भोंगा ज्या कारणाने किंचाळतो तेच हे कारण. म्हणून आतला मायक्रोफोन सौम्य व मध्यम श्रवणदोषास शोभतो. ज्यांस मोठ्या शक्तीचा रिसीव्हर लागतो त्यांनी त्याच्या मागे लागू नये. दुसरे असे की, गर्दीत समोरच्या एका माणसाचे बोलणे वेचून घेण्याचे काम कानामागील दोन मायक्रोफोनांच्या जोडीनेच होते. आतला मायक्रोफोन शांत जागी, वाऱ्यात आणि घरच्या चार माणसांत आपला गुण दाखवितो. तिसरी गोष्ट मळाची. कानातला मळ व घाम थेट मायक्रोफोनच्या छिद्राशी येतो, त्यामुळे जाळ्या वारंवार बदलाव्या लागतात. माळव्याच्या कोरड्या हवेत हे निभते. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात चार महिने राहणाऱ्यांनी यंत्र रात्री आर्द्रताशोषक डबीत ठेवण्याचा नेम केला पाहिजे.

रिसीव्हरची शक्ती मात्र आवडीनिवडीवर सोडण्याची वस्तू नाही. ती श्रवणालेखावरून, म्हणजे ऑडिओग्रामवरून ठरते. वार्धक्यात प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ठळक असतात, ते शिल्लक राहतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ख’ यांसारखी व्यंजने हलकी असतात, ती गळतात. म्हणून वडील माणूस म्हणतो की ऐकू येते, पण कळत नाही. व्यवहारात याचा अर्थ काय होतो? ‘साठ हजार’ म्हटले आणि ‘आठ हजार’ ऐकले! खरेदीखत वा बक्षीसपत्र वाचून दाखविले जाते, वृद्ध मनुष्य मान डोलावतो, आणि त्या मान डोलावण्याला संमती समजून सही घेतली जाते. पुढे भावाभावांत वाद उभा राहिला म्हणजे त्या मानेचा अर्थ लावण्याचे काम न्यायाधीशाकडे येते. आम्ही आमच्या वृद्ध पक्षकारांस दस्त वाचून दाखविल्यावर त्यांतील आकडे त्यांच्याच तोंडून वदवून घेतो, आणि यंत्र असेल तर ते कानात आहे व सुरू आहे हे आधी पाहतो.

इंदुरासारख्या गावी आणखी एक सावधगिरी हवी. येथे आपल्या घरांत आजीशी कोंकणी, आईशी मराठी आणि बाजारात हिंदी असा तिपेडी व्यवहार चालतो. ज्याला शब्द अर्धवट ऐकू येतात तो उरलेला अर्धा संदर्भाने भरून काढतो, आणि हे भरून काढणे मातृभाषेत जितके साधते तितके परभाषेत साधत नाही. तेव्हा तपासणीत शब्द ओळखण्यासाठी जी यादी वाचतात ती हिंदी वा इंग्रजी असल्यास मातृभाषेतील यादी मागून घ्यावी. यंत्र काही दिवस वापरून पाहण्यास मिळते काय हेही विचारावे, आणि मिळाल्यास ते बंद खोलीत न पाहता सराफ्यात रात्री दहा वाजता पाहावे. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली असावी. १९९२ च्या कायद्याने नोंदणीवाचून हा व्यवसाय करणे हा गुन्हा आहे.

संगीताविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आमच्याने राहवत नाही. हे अमीर खाँचे इंदूर, आणि मंगेशीचे नाव जगभर नेणाऱ्या लताबाईंचे हे जन्मगाव. शेजारी देवासला कुमार गंधर्व राहिले. येथे गाणे ऐकता न येणे ही लहान हानी नव्हे. परंतु श्रवणयंत्र हे मुळात बोलण्यासाठी घडविलेले असते. हलका आवाज वर उचलावा, मोठा दाबावा, हा त्याचा धर्म. त्यामुळे खयालाची चढती बढत सपाट होते. शिवाय शिट्टी ओळखून ती दाबण्याची जी योजना त्यात असते, ती बासरीच्या दीर्घ स्वरासही शिट्टीच समजते आणि तो स्वर थरथरू लागतो. यावर उपाय आहे. हे संस्कार सौम्य केलेला संगीताचा निराळा क्रम यंत्रात बसवून देता येतो, पण तो मागितल्याशिवाय सहसा कोणी बसवीत नाही.

आता कायद्याचा आजचा हिशेब. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ७० डेसिबेल हानी असेल तर ‘बधिर’ आणि ६० ते ७० डेसिबेल असेल तर ‘ऐकू कमी येणारा’ अशी व्याख्या केली आहे. ज्याची हानी ५० डेसिबेल आहे तो या व्याख्येबाहेर राहतो. कीर्तनात पहिल्या रांगेत बसूनही त्यास निम्मे ऐकू येत नाही, यंत्रावाचून त्याचे चालत नाही. तरी कायद्याच्या दृष्टीने त्याचे श्रवण शाबूत आहे! नोकरीतील राखीव जागांसाठी कोठेतरी रेषा ओढणे अवश्य, हे आम्ही समजतो. तीच रेषा सवलतीच्या यंत्रासाठीही लावावी, हे आम्हांस समजत नाही. आणि ज्या यंत्रांची आपण चर्चा करीत आहोत त्यांच्या किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जातात. एवढे मात्र कबूल केले पाहिजे की वस्तू व सेवा कर श्रवणयंत्रांवर नाही.

बहिरेपणाच्या दुसऱ्या बाजूस, म्हणजे जन्मतः बधिर असणाऱ्यांच्या खुणांच्या भाषेस, इंदूरने चांगले स्थान दिले आहे. २०१५ साली पाकिस्तानातून परत आलेली मूकबधिर गीता काही वर्षे याच गावी राहिली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात एका बधिर वकील भगिनीने दुभाष्याच्या साहाय्याने आपले म्हणणे मांडले, तेव्हा आम्हां वकिलांस केवढा आनंद झाला! परंतु वार्धक्यात ज्यांची श्रवणशक्ती हळूहळू ओसरते त्यांस खुणांची भाषा येत नसते, आणि ते कोणत्याच संस्थेच्या पटावर नसतात. ते आपल्या घरांत व आपल्या देवळांत असतात.

देवळात त्यांचे काय होते ते पाहा. कीर्तनकाराच्या तोंडाशी मायक्रोफोन असतो, भोंगे खांबांवर असतात, दगडी भिंती व फरशी प्रत्येक शब्द दोनदा परतवितात. लाख रुपयांचे यंत्र, मायक्रोफोन कानात असो की कानामागे, हा सर्व काला जसाच्या तसा उचलते. यावर जुना व स्वस्त उपाय असा की सभामंडपाभोवती तारेचे एक वेढे टाकून ते ध्वनिक्षेपणाच्या यंत्रास जोडावयाचे. ज्यांच्या श्रवणयंत्रात ‘टेलिकॉइल’ नावाचे छोटे वेटोळे आहे, त्यांच्या कानात कीर्तनकाराचा आवाज मधल्या सर्व गोंगाटास टाळून थेट पडतो. युरोपातील पुष्कळ चर्चांत व नाट्यगृहांत ही सोय आहे. अगदी लहान यंत्रांत हे वेटोळे नसते, म्हणून यंत्र घेताना ‘टेलिकॉइल आहे काय’ हा प्रश्न आतल्या मायक्रोफोनच्या प्रश्नाआधी विचारावा. २०२२ पासून बिनतारी प्रक्षेपणाची ‘ऑराकास्ट’ नावाची नवी पद्धतही निघाली आहे आणि काही नव्या यंत्रांत ती येऊ लागली आहे. पण आज ज्यांच्या कानात जुनी यंत्रे आहेत त्यांस वेढ्याचाच उपयोग. ही तार फरशी बसविण्यापूर्वी टाकणे सोपे जाते. ज्या देवस्थानांत जीर्णोद्धाराचे काम चालू आहे, त्यांच्या समितीने विजेचे काम करणाऱ्यास हे आताच सांगून ठेवावे.